आधी सहा महिने भाड्याने राहा

ताई, इंदूरहून नाशिकला येताय, यजमानांची नोकरी अंबड एमआयडीसीत आणि मुलगी चौथीत, म्हणून सगळे तुम्हाला गंगापूर रोड सुचवताहेत. भाग सुरेखच आहे, पण रोज अंबडला जायला तो लांब पडेल. मी आधी पाथर्डी फाटा आणि इंदिरानगर बघेन. कारखाना जवळ, मुंबई-आग्रा महामार्गही हाताशी. तुम्हाला दर महिन्याला रेल्वेने मुंबई गाठायची असती तर मात्र नाशिकरोडच म्हटलं असतं, कारण स्टेशन तिथेच, जुन्या शहरापासून बरंच लांब आहे.

पंचवटीत भाडं परवडतं, माणसंही मायेची. पण नदीकाठच्या गल्लीत घर घेऊ नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठ पाण्याखाली जातो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, हेच आमचं पुराचं माप. शिवाय 2027 मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, तेव्हा रामकुंड-तपोवन परिसरात गाडी काढणं कठीण होईल.

घर बघायला रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला अंबडहून निघून त्या घरापर्यंत या, मग ठरवा. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, हे दलालाला नाही, शेजारच्या काकूंना विचारा.

मुलीला मराठी विषय असेलच, राज्यात दहावीपर्यंत सक्तीचा आहे. आतापासून रोज थोडं वाचून घ्या. आणि गाडीसाठी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र निघतानाच घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात.