मदत हवी आहे : लिंबाचं झाड पिवळं पडतंय

नमस्कार मंडळी. सहकारनगरला घरामागे छोटं अंगण आहे, माती काळी चिकण. एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा, आणि आता जुलैत पाणी दोन-दोन दिवस हटत नाही. पाच वर्षांचं कागदी लिंबू पिवळं पडलंय. पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग फिका. काल बुंध्याशी जरा उकरलं तर कुबट वास आला. मुळं कुजताहेत का? नर्सरीवाला म्हणाला युरिया टाका, मला काही पटलं नाही. आत्ताच चर खणून पाणी बाहेर काढू, की पाऊस ओसरेपर्यंत थांबू? जास्वंदीवर पिठ्या ढेकूणही आलाय, पण त्याला निंबोळी तेलाने आवरेन. लिंबाचं तेवढं सांगा. सासूबाईंनी लावलेलं आहे, रोज विचारतात.