कॉलरबोन जुळत आलंय, मुरूमाच्या उतारावर परत कधी?

पांदणस्वार (छत्रपती संभाजीनगर)

वय 48, वजन 78 किलो. डाव्या कॉलरबोनचं (गळ्याखालच्या हासळीच्या हाडाचं) मधोमध फ्रॅक्चर, प्लेट टाकलेली नाही. दोन महिने उलटून गेलेत, झोळी सुटली, एक्सरेत हाड जुळताना दिसतंय. हात खांद्याच्या वर नेला की ओढ बसते. ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) अर्धा तास झाला की डाव्या करंगळीला मुंग्या येतात. साखर बॉर्डरवर आहे.

सायकल 29 इंची हार्डटेल (मागं शॉकअप नाही), पुढचा फोर्क 100 मिमी दबणारा, हँडलबार 780 मिमी, टायर 2.25, आत ट्यूब. सुलीभंजन, म्हैसमाळकडच्या कच्च्या उतारांवर परत कधी जाता येईल? तोवर सायकलमध्ये काय बदलावं?

खांदा-गुडघा (लातूर, फिजिओ)

दादा, मोठ्या माणसाचं कॉलरबोन साधारण 6 ते 8 आठवड्यांत धरतं. पण पुन्हा पडल्यावरचा धक्का सोसायला 12 आठवडे तरी धरून चाला, आणि तेही डॉक्टरांनी पुढचा एक्सरे बघून हो म्हटल्यावर.

नुसत्या तारखेवर जाऊ नका, खांदा तपासा. तुटलेल्या जागी अंगठ्यानं दाबल्यावर दुखता कामा नये. डावा हात उजव्याइतकाच वर, कानाला टेकेपर्यंत जायला हवा. पुशअप आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर; दरवेळी 15, आणि दुसऱ्या दिवशी ठणका नको. जमिनीवरचे जमत नसतील तर उतार नको, कारण ब्रेक दाबला की अंगाचा सगळा भार हातांवर येतो.

साखरेचं लिहिलंत ते बरं केलंत. 40 ते 60 या वयात, त्यातही साखर असेल तर खांदा आखडायचा धोका जास्त. कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवा. स्वतःला जमत नाही आणि दुसऱ्यानं फिरवला तरीही अडतो, असं असेल तर लगेच दाखवा. डॉक्टरांची हरकत नसेल तर आता काठीचा व्यायाम सुरू करा: पाठीवर झोपून काठी दोन्ही हातांत धरा आणि उजव्या हाताच्या जोरावर डावा डोक्यामागे न्या. 10 वेळा, दिवसातून 3 दा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. हाडवैद्याकडून झटका किंवा जोराची मालिश अजिबात नको. आणि तंबाखू, गुटखा असेल तर बंद. निकोटीननं हाड उशिरा जुळतं.

आणखी एक, गोळी खाऊन राइडला जायची सवय बऱ्याच जणांना असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊन उन्हाळ्यात घाम गाळला की मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं दबल्यामुळे कुठं थांबायचं तेच कळत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या म्हणजे बहुतेक तळव्याच्या कडेला अल्नर नस दबतेय. उतरल्यावर थोड्या वेळात जात असतील तर सायकलची सीट-हँडल अंगाला नीट जुळवून घ्या. हात मोकळा असतानाही राहत असतील किंवा बोटं फाकवायला जोर कमी पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

चाकटपरी (बीड)

मुंग्यांसाठी आधी सीट बघा. काहून लोक थेट ग्रिप बदलायला पळतात कळत नाही. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस पुढं घसरतो आणि सगळा भार तळव्यावर येतो. नाक सपाट करा. पेडलवर टाच ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हायला पाहिजे. गुडघ्याची वाटी दुखायली तर सीट बहुतेक खाली आहे, मागची शीर ओढली तर वर. एका वेळी 3 ते 5 मिमीच बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

780 चा बार असल्या खांद्याला रुंद होतो, 740-750 पर्यंत या. ब्रेकचे लिव्हर कोपर ते बोटं एका रेषेत येतील इतके झुकवा आणि आत घ्या, एका बोटात ब्रेक लागला पाहिजे. स्टेमवर (बार धरणारा तुकडा) स्पेसर म्हणजे कड्या उरल्या असतील तर त्या खाली घालून बार 10 मिमी उचला.

ट्यूब आहे तोवर हवा पुढं 28, मागं 30 पीएसआय. ट्यूबलेस (ट्यूबविना टायर) केलं तर तुमच्या वजनाला पुढं 23, मागं 26 पुरे; हाताला बसणारे हादरे लगेच कमी होतात. चाकात 100 मिली सीलंट (भोक बुजवणारं पातळ रसायन) टाका. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून उन्हाळ्यात दोन महिन्यांनी तपासा. बाभळीचा काटा उपटला की ती जागा खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथं जमून भोक बुजतं.

बालाघाट_उतार

पहिले काही दिवस डांबर, मग पांदण, उतार सगळ्यात शेवटी. कडक जमिनीवरचा मोकळा मुरूम फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखा असतो, त्यावर वळताना पुढचा ब्रेक धरला की चाक गेलंच. वेग वळणाआधीच कमी करा, सीट 5-6 सेमी खाली घ्या, पेडल साधे फ्लॅट ठेवा. क्लीट (बूट पेडलला अडकवणारे) महिनाभर तरी नकोत, हळू वेगात पाय अडकून त्याच खांद्यावर पडायला होतं.

उन्हाळ्यात काळ्या रानात बांधाजवळच्या भेगा चाक गिळतात, त्या आडव्या ओलांडा. पाऊस झाला की चिखल फोर्क आणि टायरच्या मध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा दिवशी पांदणीत जाऊच नका.

पडलात आणि हात टेकला, अंगठ्याच्या मुळाशी खड्ड्यात दुखतंय, तर पहिला एक्सरे नॉर्मल आला तरी सोडून देऊ नका. स्कॅफॉइडची (मनगटातलं छोटं हाड) चीर त्यात सुटू शकते, 10 ते 14 दिवसांनी परत काढतात. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही. खरचटलं तर खडे निघेपर्यंत पाण्यानं धुवा, हळद भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन 5 वर्षांपूर्वीचं असेल तर परत घ्या. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी सायकल बंद, हेल्मेटही बदला. उलटी किंवा गुंगी आली तर 108. गमछा जवळ ठेवा, झोळी होते.

पांदणस्वार

सीटचं नाक खरंच खाली होतं, आज सपाट केलं. बार कापताना काय बघायचं?

चाकटपरी (बीड)

आधी कापू नका. ग्रिप आणि लिव्हर दोन्ही बाजूंनी 15-15 मिमी आत सरकवून काही दिवस चालवा, पटलं तरच कापा. बाराचा सरळ भाग ग्रिप आणि क्लॅम्पला पुरतोय ना ते त्यातच कळतं. ॲल्युमिनियमला पाइप कटर चालतो. कार्बन असेल तर बारीक दात्याची करवत, मास्क आणि ओला फडका. कड कानशीनं घासून टोकाला बूच लावाच, उघडी नळी पडल्यावर मांडीत घुसते.