भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होतेच, मग स्वतःचं चर्च कशाला?

मागचं_बाक
सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दीडशेच्या आसपास हजेरी. रविवारी सकाळी भाड्याचा हॉल, आठवड्याच्या प्रार्थनासभा घरोघरी. पंच कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, मंडळी म्हणजे माणसं, विटा नव्हेत. बांधकामाचा पैसा सुवार्तेला आणि पोरांच्या शिक्षणाला लावा. दुसरा म्हणतो, जागा बघा. बांधायचं तर नेमकं कशासाठी, आणि फसतं कुठे? भावनेची उत्तरं नकोत.

उंबरठा
विटांबद्दलचं म्हणणं चुकीचं नाही. सुरुवातीच्या मंडळ्या घरांतच जमायच्या. पण सिरियातल्या द्युरा-युरोपस या प्राचीन शहरातलं, उपासनेला वापरलेलं घर बघा. इ.स. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्यात फेरफार झाले: दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली आणि दुसऱ्या छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद बांधला. रोमन राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली ३१३ मध्ये, म्हणजे हे काही मिरवण्यासाठी केलेलं नव्हतं. माणसं मावेनात आणि हौद रोज उचलून नेता येत नाही, एवढंच.

तुमचंही तेच होणार. रविवार सकाळ भाड्याच्या हॉलमध्ये भागते. अडतं ते मयताला, कारण चार तासांत जागा लागते. गुड फ्रायडेला बारा ते तीन, नाताळची मध्यरात्र, आणि लग्नसराईतला रविवार, जो हॉलवाला आधी लग्नाला देतो. मागच्या दोन वर्षांत अशी किती वेळा अडचण आली ते वहीत मांडा. दोन-तीनच निघाली तर बांधू नका.

नोटीस_बोर्ड
लग्नाचा मुद्दा कायद्याचाही आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न चर्चमध्ये लागणार असेल तर लग्नाची नोटीस पाळक (पाद्री) त्याच चर्चमध्ये दर्शनी लावतात (कलम १३). खाजगी घरात लागणार असेल तर ती जिल्ह्याच्या विवाह निबंधकाकडे पाठवावी लागते आणि त्यांच्या कार्यालयात लागते (कलम १४). मात्र याच कायद्यात ‘चर्च’ म्हणजे सार्वजनिक ख्रिस्ती उपासनेसाठी नेहमी वापरली जाणारी कोणतीही इमारत. त्यामुळे ‘स्वतःचं चर्च नसेल तर लग्न कायदेशीर नाही’ असं कुणी कमिटीत सांगत असेल तर ते खरं नाही.

मागचं_बाक
आभार. एक मधला मार्ग सुचवलाय: एका सभासदाच्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याचा हॉल. जमीन घ्यायलाच नको. चालेल?

ओळंबा
नाही. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात, वावरायच्या गच्चीचा १५० धरून. सभागृहाला बाकं पक्की असतील तर ४००, मोकळं असेल तर ५००. हे आयएस ८७५ या भारतीय मानकाचे आकडे. स्लॅब लगेच पडणार नाही, पण उपासनेच्या गर्दीचा भार धरून तो कुणी काढलेलाच नाही. शिवाय पत्र्यावर पावसाचा मारा सुरू झाला की प्रवचन बंद. पत्राच घालायचा तर आत फोम असलेला घ्या.

बुडवून बाप्तिस्मा देत असाल तर हौद तळमजल्यावर, जमिनीतच. ८ बाय ४ फूट, पाणी साडेतीन फूट धरलं तर ३,१७० लिटर होतात, म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या वर. मिनिटाला दहा लिटरच्या नळाने भरायला सव्वापाच तास लागतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच सोडा. गळती बहुतेक तळ आणि भिंतीच्या सांध्यातून होते. टाइल लावण्याआधी सात दिवस भरून ठेवा, पातळीला पेन्सिलची खूण करा. पायऱ्या दोन्ही टोकांना.

मापं: माणशी २० इंच बाक, ओळीपासून ओळीपर्यंत ३ फूट. सहा-सहा जणांची दोन बाकं समोरासमोर नव्हे, एका ओळीत शेजारी. अशा १३ ओळींत १५६ जण बसतात. मधली वाट ६ फूट. नवरीसाठी नाही हो, शवपेटीसाठी: पेटी दोन फूट आणि दोन्ही बाजूंना खांदेकरी. बहुतेक नकाशांत ही वाट ४ फूट निघते आणि पहिल्याच मयताला बाकं सरकवावी लागतात. दाराबाहेर किमान १० फूट सपाट ओटा, म्हणजे पेटी वळते. जोत्याला दीड फूट उंची असेल तर उताराची वाट १८ फूट लांब. सगळं धरून हॉल आतून ३२ बाय ५० फूट.

पेटी_तबला
याच मापावर छत १४ फूट धरून आवाजाचं गणित सांगतो, कारण इथे पैसा पाण्यात जातो. गिलावा, फरशी, काँक्रीटचं छत असलेला हा हॉल रिकामा असताना आवाज चार सेकंद घुमतो. दीडशे माणसं बसली की एक सेकंदाच्या जरा वर, म्हणजे उत्तम. पन्नास जण आले, पावसाळ्यात येतात तेवढे, की दोन सेकंद. मग पाळकांचं एक वाक्य दुसऱ्यावर चढतं आणि कमिटी मोठे स्पीकर आणते. त्याने घुमणं वाढलेलं वाटतं, शब्द स्पष्ट होत नाहीत. त्याऐवजी मागची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा मागचा भाग मिळून ३०० चौरस फूट दोन इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) कापडात गुंडाळून लावा. पन्नास जणांतही दीड सेकंदावर येईल. पुढचा भाग कडकच ठेवा, गाण्याला तो लागतो.

सातबारा
बांधकामाआधी कागद. जागा पाळकसाहेबांच्या किंवा खजिनदाराच्या नावावर कितीही विश्वासाने घेऊ नका. वारस लागले की दावा उभा राहतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास (ट्रस्ट) आधी, खरेदीखत न्यासाच्या नावे, आणि न्यासाच्या नोंदीतल्या बदलाचा अर्ज (कलम २२) ९० दिवसांत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (विकायला सरकारी परवानगी लागते अशी जमीन) किंवा वतनाचा शेरा दिसला तर परवानगीशिवाय बयाणाही देऊ नका. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचं आधी मिटवा आणि मंजूर नकाशावर धार्मिक वापर स्पष्ट लिहून घ्या.

कर्जाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (त्याच कायद्याचं कलम ३६-अ). परदेशातून पैसा येणार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. देणगीदारांना देणगीवर प्राप्तिकराची सूट (८०जी नावाने ओळखली जाणारी) मिळेल असं वर्गणीच्या पत्रकात छापू नका; एकाच धर्मसमाजासाठीच्या न्यासाला ती सहसा मिळत नाही.

मागचं_बाक
मधली वाट ६ फूट, हे नकाशावाल्याला आजच कळवतो. वहीचं काम सेक्रेटरींकडे दिलंय.