स्थापत्य अभियंत्याने गावी राहून चरितार्थ कसा चालवावा?

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड):
नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून, आईवडिलांच्या आजारपणामुळे पुण्यातील साइटवरची नोकरी सोडून गावी परतलो आहे. सरकारी भरतीची तयारी, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून लहान कामे घेणे, आणि घरांचे नकाशे व आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचे) डिझाइन करून देणे असे तीन मार्ग मला दिसतात. घरखर्च माझ्यावरच असल्याने आधी कोणता मार्ग धरावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (ठेकेदार, परभणी):
नोंदणी अवश्य करावी. लहान शासकीय कामांच्या वाटपासाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुली निविदा यांचे प्रमाण शासनाने ठरवून दिलेले असल्यामुळे नव्या माणसालाही संधी मिळते. खरी अडचण देयकाची आहे. खडी, सिमेंट आणि मजुरी यांचे पैसे लगेच मोजावे लागतात, बिल मात्र निधी आल्यावरच निघते, आणि सुरक्षा ठेव दोषदायित्व कालावधी (कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपेपर्यंत अडकून राहते. त्यामुळे हाताशी भांडवल नसताना व्याजाने पैसे काढून पहिले काम घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर (संरचना अभियंता, लातूर):
मी तिसऱ्या मार्गाचा आग्रह धरीन, कारण त्याला भांडवल कमी लागते आणि आपल्या भागाला त्याची नितांत गरज आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. आता भिंतींच्या जागी कॉलम आले आहेत. तरीही अनेक घरांचे कॉलम मिस्त्रीच्या अंदाजावरच उभे राहतात, रिंगांचे (कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांचे) हूक, म्हणजे वाकवलेली टोके, १३५ अंशांत आत वळवण्याऐवजी ९० अंशांवरच सोडले जातात आणि काळ्या मातीत पाया घट्ट मुरमापर्यंत नेलाच जात नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मग भिंतींना तडे जातात. असे तडे पडलेले घर तुमच्या गल्लीतही सापडेल. मालकाला त्याचे कारण नीट समजावून सांगा, कामे त्यातूनच मिळू लागतील. नकाशे मंजुरीसाठी दाखल करता यावेत म्हणून नगरपरिषदेकडे परवान्याची चौकशीही आताच करावी.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. नकाशाचे पैसे लोक देतात, परंतु डिझाइनचे शुल्क मागितले की मागे हटतात. त्यावर काय करावे?

उत्तर (संरचना अभियंता, लातूर):
डिझाइनचे शुल्क वेगळे न मागता नकाशा, डिझाइन आणि साइटवरील तपासणी यांचा एकच दर सांगावा व तो टप्प्यांत घ्यावा: काही रक्कम नकाशा देताना, काही पायाची खोदाई तपासताना आणि उरलेली प्रत्येक स्लॅब भरण्याआधी सळई तपासताना. तपासणीला तुम्ही स्वतः उभे राहिलात की घरमालक पैसे देतो. भरतीचा अभ्यास सकाळी चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र घरखर्च त्यावर अवलंबून ठेवू नये.