मदत हवी आहे: विमानातून सोडलेल्या पाकिटाचं अंतर शून्य येतंय

अकरावी_ब: विमान ५०० वर आडवं उडतंय, वेग १४४. पाकीट सोडलं तर किती पुढे पडेल? सूत्रात टाकलं की शून्य येतं, मागे उत्तर ४०० आहे. उद्या सकाळी टेस्ट आहे, लवकर सांगा.

सह्यवारा: ५०० काय, १४४ काय? एककं लिही. आणि सूत्र कुठलं?

अकरावी_ब: मीटर आणि किमी/तास, अजून काय असणार! सूत्र रेंजचंच, म्हणजे आडव्या अंतराचं. यू स्क्वेअर साइन टू थीटा भागिले जी. यू म्हणजे सुरुवातीचा वेग, थीटा फेकीचा कोन, जी गुरुत्वत्वरण. विमान आडवं म्हणून थीटा शून्य.

जुना_मास्तर: मग शून्यच येणार. ते सूत्र फक्त फेकल्या पातळीवरच परत पडणाऱ्या वस्तूसाठी. तुझं पाकीट ५०० मीटर खाली जातंय. वहीत दोन रकाने पाड, आडवा आणि उभा. उभ्यात सुरुवातीचा वेग शून्य: ५०० = ½ × १० × टी², टी = १० सेकंद. आडव्यात वेग बदलतच नाही: १४४ × ५/१८ = ४० मी/से. ४० × १० = ४०० मीटर.

सीईटीवाली: एवढं कशाला? यू गुणिले रूट टू एच बाय जी (एच म्हणजे उंची), पाठ करून टाक. सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो, वेळ कुठे असतो?

जुना_मास्तर: ताई, पाठ केलेल्या सूत्रानेच त्याचं शून्य आलंय. उद्या कड्यावरून दगड तिरका वर फेकायला सांगितला की तुमचंही सूत्र बंद. रकाने तेव्हाही चालतात.

यंत्रवेडा: जी १० का? ९.८ घ्या, ४०४ येतं. आणि हवेचा रोध धरला तर खरं पाकीट अलीकडेच पडेल.

सह्यवारा: प्रश्नात हवा आहे का? उत्तर ४०० दिलंय म्हणजे जी १० च धरलाय.

इतिहासप्रेमी: आडव्या-उभ्याची ही फोड गॅलिलिओची बरं का. १६३८ च्या ग्रंथात त्याने यावरूनच मार्ग पॅराबोला असतो हे सिद्ध केलं.

अकरावी_ब: ४०० आलं! आता आदळतानाचा वेग. आडवा ४०, उभा १० × १० = १००, बेरीज १४०, पण उत्तर १०७.७ आहे. का?

यंत्रवेडा: ऊर्जेने कर, एका ओळीत सुटतं. व्ही² = यू² + २जीएच = १६०० + १००००.

जुना_मास्तर: त्याने दिशा कळत नाही. दोन्ही वेग काटकोनात आहेत, सरळ बेरीज चालत नाही, पायथागोरस लाव: ११६०० चं वर्गमूळ १०७.७ मी/से. दिशा विचारलीच तर टॅन = १००/४०, म्हणजे आडव्या रेषेच्या खाली साधारण ६८ अंश.