मदत हवी आहे: वेबवर चालणारा फीड रीडर आणि त्याला जोडून स्टार्ट पेज

२०१३ मध्ये गूगल रीडर (साइट्सच्या नव्या मजकुराच्या याद्या, म्हणजे फीड, एकत्र वाचायचं साधन) आणि आयगूगल (गूगलचं स्टार्ट पेज) दोन्ही बंद झाले, तेव्हापासून बातम्या वाचणं आणि ब्राउझर उघडताच दिसणारं पान ही दोन कामं एका ठिकाणी नीट जमत नाहीत. सध्या साधारण १२० फीड आहेत. मराठी दैनिकं, वर्डप्रेस आणि ब्लॉगस्पॉटवरचे ब्लॉग, काही यूट्यूब चॅनल. न्यूजब्लर या फीड रीडरच्या मोफत खात्यात ६४च साइट बसतात, म्हणून तो बाद.

फ्रेशआरएसएस या स्वतःच्या होस्टिंगवर बसवायच्या फीड रीडरकडे कल आहे. पीएचपी भाषा आणि एसक्यूलाइट डेटाबेस असलेल्या साध्या होस्टिंगवर तो चालतो. मिनीफ्लक्स या तशाच रीडरला पोस्टग्रेस डेटाबेस लागतो, तो शेअर्ड होस्टिंगवर सहसा मिळत नाही. शिवाय फीडमध्ये दोनच ओळी येत असतील तर फ्रेशआरएसएसमध्ये सीएसएस सिलेक्टर (पानाचा कोणता भाग घ्यायचा ते सांगणारी खूण) देऊन पूर्ण लेख ओढता येतो. ही सोय फार मोलाची आहे, पण साइटची मांडणी बदलली की सिलेक्टर निकामी होतो आणि लेख पुन्हा अर्धवट येतात.

आता नेमके प्रश्न:

फ्रेशआरएसएसमधली जतन केलेली क्वेरी (लेख निवडायचा ठरावीक शोध) आरएसएस फीड म्हणून बाहेर काढून स्टार्ट डॉट मी या स्टार्ट पेज सेवेच्या विजेटमध्ये कुणी लावली आहे का? विजेट किती वेळाने ताजं होतं?

एका रीडरमधून दुसऱ्यात जाताना ओपीएमएल फाइलमधून फीडची यादी आणि फोल्डर येतात, तारांकित (तारा लावून जपून ठेवलेले) लेख येत नाहीत. ते हलवायचा खात्रीचा मार्ग कोणता?

क्रॉन (फीड ठरावीक वेळाने आपोआप ताजे करणारं सर्व्हरवरचं काम) दर २० मिनिटांनी ठेवल्यावर एखादी साइट ४२९ (फार वेळा मागणी केल्याचा त्रुटी संदेश) देऊन अडवते का? तशा फीडना वेगळा कालावधी किती ठेवता?