मदत हवी आहे : लग क्रिंप केल्यावर वायर सुटते

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवण्याचं आमचं छोटं वर्कशॉप आहे. २.५ चौरस मिमीच्या मल्टिस्ट्रँड तांब्याच्या वायरला निळे इन्सुलेटेड लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल) क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून, लावतो. दाबल्यावर वरून सगळं ठीक दिसतं, पण हाताने जोरात ओढलं की काही वायरी सरळ बाहेर येतात.

एक लग मधोमध कापून पाहिला. आतले तांब्याचे तार अजून गोलच, मधे फटी स्पष्ट दिसतात. नीट क्रिंप झाला तर तार एकमेकांत दाबून हवा जायला जागाच राहायला नको. इथे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. त्या फटीतून तांबं हिरवं पडणार आणि जोड गरम होणार. मोटरच्या पॅनेलमध्ये हे मला अजिबात चालणार नाही.

लगचा रंग मापाचाच आहे (निळा १.५ ते २.५ साठी). सध्या साधी पक्कड वापरतो, रॅचेट (पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारं टूल) नाही. काही जण सुचवतात की आधी तारांना सोल्डर पाजा. ते मला पटत नाही, दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि जोड सैल होतो.

तर जाणकारांनी सांगा : लाल, निळा, पिवळा तिन्हींसाठी एकच रॅचेट टूल पुरतं का? ओढून तपासताना २.५ च्या वायरला किती वजन लावता? आणि रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये आपली वायर दुकानातच दाबून बघू देणारं कोणी आहे का?